नोंद नसलेली औषधे: बेळगावच्या सीमाभागातील एका गोठ्याचे प्रकरण

२०२४ च्या डिसेंबरमध्ये माझ्या थोरल्या चुलतभावाच्या घरचे सकाळचे दूध संकलन केंद्रावरून परत आले. फॅट व्यवस्थित होती, दुधात पाणी नव्हते, दूध नासलेलेही नव्हते; केंद्रावरच्या मुलाने चाचणीची पट्टी दुधात बुडवून पाहिली आणि 'अँटिबायोटिक लागलंय' एवढेच सांगून कॅन बाजूला ठेवला. कोणत्या कुळाचे औषध लागले, हे त्याने लिहून दिले नाही. दादाला तो शब्द ठाऊक होता, पण औषध दुधात अजून कसे राहिले हे त्याला कळेना, कारण गाईला शेवटचे इंजेक्शन देऊन चार दिवस उलटले होते. त्याच संध्याकाळी त्याने मला फोन केला. मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि वर्गात दरवर्षी प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविषयी बोलतो. तरी ज्या घरात मी लहानपणी धारोष्ण दूध प्यायलो, त्या घराच्या गोठ्यात कोणती औषधे वापरली जातात हे मी तोवर कधी विचारले नव्हते, याची त्या फोननंतर मला खंत वाटली.

पुढचे पाच महिने मी दर रविवारी त्या घरी गेलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे. गावाचे आणि कुटुंबाचे नाव त्यांच्याच इच्छेवरून दिलेले नाही.

घर आणि गोठा

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आहे. घरची साडेतीन एकर तांबडी जमीन; खालच्या पाणथळ तुकड्यात भात, वरच्या माळाला रताळी आणि बटाटा, विहिरीच्या पाण्यावर थोडा टोमॅटो. गोठ्यात दोन संकरित गाई, एक म्हैस आणि एक कालवड. सकाळचे दूध दोन किलोमीटरवर महाराष्ट्राच्या हद्दीतील केंद्रावर जाते, संध्याकाळचे गावातल्या संस्थेत. दोन्ही ठिकाणचे दर, चाचण्या आणि हिशेबाची पुस्तके वेगळी आहेत. सरकारी पशुवैद्य कर्नाटक खात्याचे, रात्री-अपरात्री बोलावण्याजोगा खासगी उपचार करणारा माणूस हद्दीपलीकडचा, आणि औषधांचे दुकान बेळगावच्या बाजारात. गाईला आजार झाला तर कोणाला बोलवायचे हे त्या वेळी कोण लवकर पोहोचेल यावर ठरते, आणि त्यात गैर काहीच नाही. सीमेवर राहणारी माणसे दोन्हीकडच्या सोयींवरच दिवस काढतात. या प्रकरणात मात्र त्या सोयीची एक बाजू पुढे आली: गाईवर उपचार करणाऱ्या तिघांपैकी कोणालाही इतर दोघांनी काय दिले हे माहीत नव्हते.

औषधांचा मागोवा

गाय दसऱ्यानंतर आठवडाभराने तिसऱ्या वेताला व्याली. तीन आठवड्यांनी मागच्या उजव्या सडातून दुधाच्या गुठळ्या येऊ लागल्या आणि कास तेवढ्या भागात गरम व कडक झाली. आमच्याकडे याला दगडी म्हणतात. शास्त्रीय नाव कासदाह. घरात मागच्या वर्षीच्या दोन ट्यूब शिल्लक होत्या, अँपिसिलीन आणि क्लॉक्सासिलीन यांच्या मिश्रणाच्या. वहिनींनी त्या दोन दिवस सडात सोडल्या. गुठळ्या थांबल्या, ट्यूबही संपल्या. नऊ-दहा दिवसांनी दुखणे उलटले तेव्हा हद्दीपलीकडच्या उपचार करणाऱ्याने तीन दिवस सेफ्ट्रिॲक्झोन दिले. पुन्हा बरे वाटले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा उलटले. मग सरकारी पशुवैद्यांनी एन्रोफ्लॉक्सासिन आणि वेदनाशामक दिले. त्यानंतरच्या चौथ्या दिवशी दूध परत आले.

हा क्रम मला कोणत्याही कागदावर सापडला नाही. वहिनींची आठवण, दादाच्या मोबाइलमधील दुकानाच्या पावत्यांचे फोटो, गोठ्याच्या वळचणीला खोचलेल्या रिकाम्या कुप्या आणि पशुवैद्यांच्या कन्नडमधील चिठ्ठ्या एकत्र करून तो जुळवावा लागला. गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. त्या क्रमांकावर तिच्या लसीकरणाची नोंद सापडली. तीन वेळा झालेल्या प्रतिजैविक उपचारांची एकही नोंद नव्हती.

आता चार दिवसांच्या प्रश्नाकडे येतो. औषधाचे अंश दुधातून पूर्ण जाईपर्यंत ते दूध माणसाच्या पोटात जाऊ नये, म्हणून प्रत्येक औषधाला वर्ज्य काळ ठरवलेला असतो. आपल्या औषधविषयक नियमांत जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधावर हा काळ छापणे बंधनकारक आहे, आणि विशिष्ट काळ ठरवलेला नसेल तर दूध व अंडी यांसाठी तो ७ दिवसांपेक्षा आणि मांसासाठी २८ दिवसांपेक्षा कमी धरता येत नाही. नियम स्पष्ट आहे. कुपीवरची अक्षरे मात्र इतकी बारीक आणि इंग्रजीत होती की मलाही ती भिंगाखाली वाचावी लागली. 'इंजेक्शन संपलं की दुसऱ्या दिवसापासून दूध घालायचं, असंच आजवर करत आलो,' असे दादा म्हणाला. ती गाय रोज अकरा लिटर दूध देत होती, म्हणजे सात दिवसांचे ७७ लिटर. तीन उपचारांचे हिशेब केले तर दोनशे लिटरांहून अधिक. ज्या घराचा आठवड्याचा बाजार दुधाच्या बिलावर होतो, त्या घराला हे दूध ओतून द्या असे सांगताना ही बेरीज समोर ठेवूनच बोलले पाहिजे.

दुधातील औषधाचा अंश आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत पदोपदी होते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने तपासले होते. त्यांपैकी ७७ नमुन्यांत, म्हणजे सुमारे १.२ टक्के नमुन्यांत, प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाले. हा आकडा लहान आहे आणि त्याबद्दल समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण तो फक्त विक्रीपर्यंत पोहोचलेल्या दुधाविषयी बोलतो. जे दूध डेअरीने नाकारले, किंवा घरानेच मागे ठेवले, त्याचे पुढे काय झाले हे त्या आकड्यात नाही. आमच्या घरी ते दूध कालवडीला पाजले गेले.

वाया जाणारे दूध वासराला पाजण्यामागे काटकसरीची शहाणी सवय आहे, आणि ती जगभर आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा प्रतिजैविकांचे अंश असलेले दूध पाजलेल्या वासरांच्या शेणातून प्रतिरोधी जिवाणू अधिक प्रमाणात बाहेर पडतात असा निष्कर्ष निघाला. कारण समजण्यासारखे आहे. मारण्यास अपुरी पण निवड करण्यास पुरेशी अशी औषधाची मात्रा वासराच्या आतड्यातील असंख्य जिवाणूंना रोज मिळते. त्यांतील जे मुळातच तग धरणारे असतात ते वाढतात आणि उरलेले मागे पडतात. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की जिवाणूची वाढ रोखणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट खाली, काही औषधांच्या बाबतीत शेकडो पट खाली, असलेल्या मात्रेतही ही निवड चालू राहते. जानेवारीत कालवडीला हगवण लागली. दुकानदाराने सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमच्या गोळ्या दिल्या. म्हणजे ज्या आतड्यात आधी सेफ्ट्रिॲक्झोन आणि एन्रोफ्लॉक्सासिनचे अंश गेले होते, त्यात आणखी एक कूळ गेले.

प्रयोगशाळेत काय दिसले

जानेवारीच्या अखेरीस सड पुन्हा सुजला. या वेळी औषध देण्याआधी मी दुधाचा नमुना घेतला: सडाचे टोक स्पिरिटने पुसले, पहिल्या दोन-तीन धारा टाकून दिल्या, निर्जंतुक नळीत थोडे दूध घेतले आणि बर्फात ठेवून दीड तासात महाविद्यालयात आणले. रक्त-अगारवर आणि मीठ-मॅनिटॉलच्या माध्यमावर दुसऱ्या दिवशी ठळक वाढ दिसली. कोॲग्युलेज चाचणी सकारात्मक आली. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस होता.

औषधांच्या चकत्या ठेवून पाहिल्या तेव्हा मला अपेक्षित नसलेले चित्र समोर आले. पेनिसिलीन आणि अँपिसिलीन यांना जंतू जुमानत नव्हता, टेट्रासायक्लीनलाही नाही. पण सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती मोठे मोकळे वर्तुळ होते, म्हणजे तेथे जंतू वाढला नव्हता; याचा अर्थ क्लॉक्सासिलीनसारखे औषध त्याच्यावर चालायला हवे होते. एन्रोफ्लॉक्सासिनही काचेच्या थाळीत चालत होते. वहिनींनी नोव्हेंबरमध्ये सोडलेली पहिली ट्यूब निवडीने योग्यच होती. ती दोनच दिवस मिळाली. तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन असलेले सेफ्ट्रिॲक्झोन, जे माणसांच्या गंभीर संसर्गासाठी जपून ठेवावे अशा औषधांत जागतिक आरोग्य संघटना मोजते, त्याची या गाईला गरज नव्हती. आणि एन्रोफ्लॉक्सासिन थाळीत चालूनही गाईत हरले, कारण हा जिवाणू कासेच्या ऊतींत गाठी करून बसतो, पेशींच्या आत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, तेथवर औषध पुरेशा मात्रेत पोहोचत नाही.

येथे थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. उपचार फसला की 'जंतू प्रतिरोधी झाला' असे म्हणून त्याहून वरचे औषध मागण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, गोठ्यात आणि दवाखान्यातही. या गाईच्या बाबतीत तीन वेळा उपचार फसला आणि तीनही वेळा कारण प्रतिरोध नव्हते. अपुरा काळ, जुनाट संसर्ग, आणि धार काढताना एकाच फडक्याने चारही सड पुसण्याची सवय ही कारणे होती. प्रतिरोध त्या फसलेल्या उपचारांचा परिणाम म्हणून दुसऱ्याच ठिकाणी तयार होत होता.

ते ठिकाण कालवडीच्या शेणात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्ही ठिकाणी एकच जिवाणू एकाच पद्धतीने मोजण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. त्यासाठी निवडलेला जिवाणू म्हणजे पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन निकामी करणारे ईएसबीएल हे विकर तयार करणारा, आतड्यात राहणारा ई. कोलाय, कारण तो सर्वत्र सापडतो आणि साध्या प्रयोगशाळेतही वाढवता येतो. त्याच धर्तीवर मी लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम (सेफ्ट्रिॲक्झोनच्याच कुळातील औषध) घातलेल्या मॅकॉन्की माध्यमावर कालवडीचे आणि म्हशीचे शेण लावले. म्हशीला वर्षभरात कोणतेही प्रतिजैविक दिलेले नव्हते. तिच्या थाळीवर मोजून थोड्या गुलाबी वसाहती आल्या. कालवडीची थाळी भरून गेली, आणि त्या विकराला रोखणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनेटसह केलेल्या पुढच्या चाचणीने ते विकर असल्याची खात्री दिली. दोन जनावरांच्या दोन थाळ्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मी जाणतो. औषध देण्यापूर्वीचे कालवडीचे शेण माझ्याकडे नाही, आणि वासरांत असे जिवाणू मोठ्या जनावरांपेक्षा एरवीही अधिक असतात. तरी जे दिसले ते लिहून ठेवणे माझे काम आहे.

गोठ्याबाहेर

शेण उकिरड्यात जाते आणि उकिरडा मृगाआधी शेतात. पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग, काही औषधांच्या बाबतीत अर्ध्याहून अधिक, न बदलता मलमूत्रातून बाहेर पडतो. पेनिसिलीनच्या कुळातील औषधे लवकर विघटित होतात. टेट्रासायक्लीन आणि फ्लुरोक्विनोलोन (एन्रोफ्लॉक्सासिनचे कूळ) मातीला चिकटून राहतात; लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांशी त्यांची घट्ट बांधणी होते आणि आमची तांबडी माती लोहानेच तांबडी आहे. सल्फा औषधे उलट पाण्याबरोबर वाहून जातात. त्यामुळे एकाच उकिरड्यातून काही औषध वरच्या थरात साठते, तर काही पहिल्या पावसात ओढ्याकडे निघते. जिवाणूंची जनुके मात्र दोन्हीकडे जातात.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती उकिरड्याच्या शेजारच्या ढिगाविषयी होती. बटाट्यासाठी दादाने ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमधून एक ट्रॉली कोंबडखत आणले होते. त्या कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात काय होते, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि दादानेही विचारले नाही. पंजाबमधील १८ कुक्कुटपालन केंद्रांतील पक्ष्यांवरील संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ब्रॉयलर केंद्रांतील ई. कोलायच्या ८७ टक्के नमुन्यांत ईएसबीएल आढळले, तर अंड्यांसाठीच्या केंद्रांत ते प्रमाण ४२ टक्के होते. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतील औषध; त्याला दाद न देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, आणि जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत व त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. चीनने कोंबड्या-डुकरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालणे २०१७ मध्ये थांबवल्यानंतर तेथील जनावरांत आणि माणसांतही ते जनुक कमी झाल्याचे पुढील अभ्यासांत दिसले. वापर थांबला की प्रमाण उतरते, हे सांगणारे असे पुरावे थोडे आहेत आणि म्हणून मोलाचे आहेत.

शेतातील दुसरा मार्ग फवारणीचा. बटाट्याचे बेणे कापून लावण्याआधी स्ट्रेप्टोसायक्लीनच्या पाण्यात बुडवले गेले आणि फेब्रुवारीत टोमॅटोवर तेच कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर फवारले गेले. सहा ग्रॅमच्या या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असते. सीमाभागात ती नवी नाही. निपाणीकडच्या तंबाखूपासून अथणीकडच्या बागांपर्यंत शेतकऱ्यांना ती ओळखीची आहे. बटाटा, टोमॅटो, तंबाखू, भात ही पिके तिच्या मान्य यादीत होती, डाळिंब नव्हते, तरी तेल्या रोगासाठी डाळिंबावर ती सर्रास मारली गेली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून मिळवले आणि क्षयरोगावरचे ते पहिले परिणामकारक प्रतिजैविक ठरले. तेथील पश्चिम किनाऱ्यावरील नासपतीच्या बागांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रोगकारक जिवाणू त्याला दाद देईनासे झाले होते. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीनचा शेतीतील वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. दादाच्या घरात मागच्या हंगामातल्या पुड्या होत्या, त्या वापरल्या गेल्या.

दादाने विचारले, 'मग नुसतं मोरचूद मारू का?' मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग. प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. तांब्याला तोंड देणारी जनुके आणि प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुके अनेकदा डीएनएच्या एकाच फिरत्या तुकड्यावर शेजारी-शेजारी बसलेली असतात, त्यामुळे तांब्याचा मारा करूनही औषध-प्रतिरोधी जिवाणूंची निवड होऊ शकते. माझ्या मते तरी तांबे हा कमी धोक्याचा मार्ग आहे, कारण ते माणसाचे औषध नाही. पण रोगमुक्त बेणे, पीक-पालट आणि पाण्याचा निचरा या जुन्या गोष्टींकडे वळणे त्याहून बरे, असे मी त्याला सांगितले.

सगळा दोष गोठ्यावर आणि शेतावर टाकणे अन्यायाचे होईल. नदी-नाल्यांतील प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी मानवी मैल्याच्या प्रमाणाबरोबरच चढते-उतरते, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले. बेळगाव शहराचे सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या शिवारात पसरतो, तेव्हा त्या भातशेतीत येणारे जिवाणू कोणत्याही गाईने दिलेले नसतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते. ही मात्रा रुग्णाच्या रक्तातील औषधापेक्षाही अधिक. त्या तुलनेत आमचा ओढा निर्मळच म्हणावा लागेल. पण या घराच्या हातात आहे ते या घराचा उकिरडा, आणि प्रतिरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली असा अंदाज प्रसिद्ध झाल्यानंतर कोणताही उकिरडा क्षुल्लक म्हणता येत नाही.

काय बदलले, काय अडले

सर्व माहिती एका पानावर मांडली तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत साडेतीन एकरांच्या या एका घरात प्रतिजैविकांची पाच कुळे वापरली गेली होती, ट्रायमेथोप्रिम वेगळे धरले तर सहा. ते पान घेऊन मी आणि दादा सरकारी पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, 'हे आधी कुणी दाखवलं असतं तर मी एन्रो दिलंच नसतं.' मला तो त्यांचा दोष वाटला नाही. अनेक गावे सांभाळणाऱ्या माणसासमोर जनावर येते तेव्हा त्याच्यासोबत त्याचा पूर्वेतिहास येत नाही.

त्यांच्या सल्ल्याने त्या सडाला आणखी औषध न देता तो आटवायचे ठरले. गाय सर्वांत शेवटी पिळायची, प्रत्येक सडाला वेगळे फडके, धार काढल्यावर पोव्हिडोन आयोडीनमध्ये सड बुडवायचे, आणि गाय भाकड करताना क्लॉक्सासिलीनची भाकडकाळाची ट्यूब एकदाच सोडायची. दिवसाचे अडीच लिटर दूध कमी झाले. काकूंना हे पटले नाही. 'चार सडांची गाय तीन सडांवर आणली,' असे त्या आजही म्हणतात, आणि त्यांचे दुःख खोटे नाही.

मार्चमध्ये दुसऱ्या गाईच्या एका सडात सौम्य सूज आली. ताप नव्हता, गाय खात होती. या वेळी आधी नमुना घेतला आणि निकाल येईपर्यंत कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावला. हा लेप तमिळनाडूतील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे प्रा. पुण्यमूर्ती आणि बेंगळुरूच्या ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठाचे प्रा. नायर यांच्या कामातून पुढे आला आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्याचा प्रसार करते. नमुन्यात कोणताही रोगकारक जंतू वाढला नाही आणि सूज उतरली. लेपाने उतरली की आपोआप, हे एका गाईवरून सांगता येणार नाही. सौम्य कासदाहाच्या बऱ्याच गाई औषधाविनाही सावरतात. पण त्या पाच दिवसांत एकही ट्यूब वापरली गेली नाही आणि दुधाचा एकही दिवस वाया गेला नाही. अशा लेपांची, औषधाविना ठेवलेल्या गाईंशी तुलना करणारी काटेकोर चाचणी आपल्या भागातील गोठ्यांत व्हावी अशी माझी इच्छा आहे, आणि पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच असल्याने ते अशक्य वाटत नाही.

कालवडीला पाजायचे दूध हा प्रश्न नीट सुटलेला नाही. वर्ज्य काळातील दूध आता तिला देत नाहीत, ते शेणखताच्या खड्ड्यात जाते. म्हणजे औषध वासराच्या पोटातून निघून खड्ड्यात आले. खड्डे दोन केले आहेत, एक भरत असताना दुसरा कुजतो. ढीग उलथून ५५ अंश उष्णता काही दिवस राहिली तर बहुतेक रोगजंतू आणि प्रतिरोधी जनुकांचा मोठा भाग नष्ट होतो, पण सल-१ (सल्फा औषधांना दाद न देणारे जनुक) सारखी काही जनुके त्यातूनही टिकतात असे अनेक संशोधनांत दिसते. आमच्या खड्ड्याच्या मध्यभागी ५८ अंश मिळाले, कडेला ४१.

सर्वांत टिकलेला बदल वहीचा आहे. नेदरलँड्सने २००९ ते २०१५ या काळात पशुपालनातील प्रतिजैविकांची विक्री ५८ टक्क्यांनी खाली आणली, आणि त्यामागे नवे औषध नव्हते. प्रत्येक गोठ्याचा वापर नोंदवून इतर गोठ्यांशी ताडून पाहण्याची सक्ती हा त्याचा कणा होता. तसली यंत्रणा आमच्या हद्दीवर उभी राहणे दूरच, पण शंभर पानी वहीत पाच रकाने आखणे शक्य होते: तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, औषध, कोणी दिले, दूध कधीपासून घालायचे. औषधाचे नाव लिहिता आले नाही तर वहिनी कुपीवरचे लेबल काढून चिकटवतात. उपचार चालू असलेल्या गाईच्या पायात लाल फीत बांधतात, म्हणजे त्या माहेरी गेल्या असल्या तरी धार काढणाऱ्याला कळते. मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत वर्ज्य काळाचा एक तक्ता करून दिला; तो हद्दीपलीकडच्या केंद्रावर आणि गावातल्या संस्थेत, दोन्हीकडे भिंतीवर लागला आहे. हद्दीपलीकडचा उपचार करणारा माणूस सुरुवातीला वहीत लिहायला तयार नव्हता. एप्रिलमध्ये त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिले, आणि त्याआधीचे पान वाचून ट्यूब बदलली.

बटाटा-टोमॅटोचे रकाने मात्र अजून कोरे आहेत. शेतातील औषध दादा बघतो, वही वहिनींच्या ताब्यात असते, आणि फवारणी हेही औषधच आहे हे त्याला अजून पुरते मान्य नाही. कोंबडखत कोठून आले हे विकणाऱ्याला विचारण्याचे त्याने कबूल केले आहे. जुना उकिरडा मृगाआधी उपसतील. त्या दिवशी मध्यभागाचा एक, कडेचा एक आणि ओढ्याकाठच्या मातीचा एक असे तीन नमुने घ्यायचे ठरले आहे, आणि त्याच थाळ्यांवर कालवडीचे शेणही पुन्हा लावले जाईल.